खालचा पट्टा मोकळा

गोदे, उघडलं गं एकदाचं तुझं दालन. परवाच्या रविवारी. दहाची वेळ होती, पण पाहुणे उशिरा आले आणि ते आल्यावर फीत कापायची कात्री कुणालाच सापडेना. शेवटी शाळेच्या प्रयोगशाळेतल्या तुझ्या खणातली जुनी कात्री आणली, बेडूक चिरायची. मी ती साबणानं धुतली, पुसली आणि ताटात ठेवली. पाहुण्यांना काही सांगितलं नाही. तू असतीस तर सांगितलं असतंस, आणि वर किती बेडूक ते पण.

पहिल्या तासाभरातच तीन वस्तू मोडल्या. पाणचक्कीचा दांडा निखळला. पक्ष्यांच्या आवाजाच्या पेटीतलं टिटवीचं बटण आत गेलं ते बाहेरच येईना, त्यामुळे संस्थेच्या अध्यक्षसाहेबांच्या सगळ्या भाषणाला टिटवीची साथ होती. आणि आपल्या नकली वारुळाचा शेंडा एका आजोबांच्या हातात आला. ते बिचारे तो घेऊन माझ्याकडे आले. "बाई, म्या नुसता हात लावला हो." मी म्हटलं, आजोबा, हात लावायलाच ठेवलंय. तू म्हणायचीस, ज्या वस्तूला महिनाभरात काही झालं नाही तिच्याकडे कुणी फिरकलंच नाही असं समज. त्या मापानं रविवारी आपण मैदान मारलं.

तू जाऊन त्या दिवशी बावीस दिवस झाले होते. तुझ्यामागे हसणं बरं दिसेल का, याची मला आदल्या दिवशी धास्ती होती. पण गोदे, मी हसले. पोट दुखेपर्यंत हसले. त्याआधीचे एकवीस दिवस काय केलं ते तुला सांगत बसत नाही, डोळ्यांच्या डॉक्टरनं मला थेंब दिलेत एवढंच सांगते.

पण खरं सांगायचंय ते पाट्यांचं. आपलं शेवटचं भांडण पाट्यांवरून झालं आणि ते अर्ध्यावर टाकून तू निघून गेलीस. मी बोलू नये ते बोलले होते. ते परत घ्यायला जागा कुठे उरली होती? आणि तरी जागा निघाली. तेच लिहायला बसले आहे.

आपली ओळखच एका दुरुस्तीनं झाली, आठवतं? शाळेतला तुझा पहिला दिवस. राणीसावरगावची नवी विज्ञानाची बाई येणार म्हणून आम्ही सगळ्या जणी शिक्षकांच्या खोलीत मुद्दाम बसलो होतो. तू आलीस, हातात पितळी डबा, कपाळावर घाम. म्हणालीस, "लय गरम व्हायलंय. पंखा लावू का?" मी वह्या तपासत होते. मान वर न करता म्हटलं, "खूप गरम होतंय." तू म्हणालीस, "तुमाला बी व्हायलंय ना? मग लावतेच." आणि बटण दाबलंस. खोली हसली. हसू तुझ्यावर नव्हतं, हे माझ्या डोक्यात शिरायला मधली सुट्टी उजाडली. त्या सुट्टीत तू डबा उघडलास, तर पोळीभाजीच्या जागी सापाची अख्खी कात. "जेवायचा डबा पिशवीत हाय, ह्यो शिकवायचा," म्हणालीस. जोशीबाई त्या दिवशी उपाशी राहिल्या.

माझं घर तुला माहीतच होतं. वडील कचेरीत कारकून, बोलण्यात 'ण'चा 'न' झाला तर हातातला घास खाली ठेवायला लावायचे. घास खाली ठेवून ठेवून मी मराठीची बाई झाले. माझ्या तासाला टाचणी पडली तरी ऐकू यायची, आणि मला त्याचा केवढा अभिमान. तुझ्या तासाचा कल्ला तीन वर्ग ओलांडून माझ्या फळ्यापर्यंत यायचा. मी एकदा तक्रार घेऊन आले, तर तू सगळ्या वर्गाला भिंतीला कान लावून उभं केलं होतंस आणि एक मुलगी पलीकडून भिंतीवर दगडानं टकटक करत होती. "हवेतून ऐकू येतंय का भितीतून, ते बघायलोत. तू बी लाव कान." मी लावला. तक्रार करायची राहिली.

आणि ती वाळूची बरणी! आपल्या शाळेच्या जुन्या संग्रहालयात, त्या काचेच्या कपाटात, 'हात लावू नये' या पाटीच्या मागे तू ती ठेवली होतीस. रिक्षावाले ज्याला अजून अजबखाना म्हणतात ते संग्रहालय. बरणीवर तुझ्या अक्षरात चिठ्ठी: गंगेची वाळू. बाहेरच्या जिल्ह्यातून एक तपासणी अधिकारी आले होते. त्यांनी चिठ्ठी वाचली, पायातले बूट काढले आणि हात जोडले. "काशीहून आणली का?" तू अगदी साळसूदपणे म्हणालीस, "न्हाई साहेब, गंगाखेडहून. पाऊण तास लागतो यष्टीनं." आपल्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात हे त्यांना समजावून सांगताना मुख्याध्यापकांची त्रेधा उडाली. साहेबांनी बूट घातले, पण तपासणीचा शेरा जरा कडकच दिला. मग मी ती चिठ्ठी काढली आणि माझ्या सुवाच्य अक्षरात 'गोदावरी नदीची वाळू' अशी नवी लावली.

त्या दिवशी घरी जाताना तू मला तुझ्या नावाची गोष्ट सांगितलीस. घरातलं नाव गंगू, नदीवरून. शाळेत नाव घालायला नेलं तेव्हा गुरुजी म्हणाले, अरे, आपली गंगा म्हणजे गोदावरीच की, आणि दाखल्यावर गोदावरी लिहून मोकळे झाले. तुला कुणी सांगितलंच नाही. गुरुजी रोज हजेरीला "गोदावरी" म्हणून पुकारायचे आणि तू मांडी घालून गप्प. "आठ दिस मी वर्गात बसून गैरहजर होते," म्हणालीस आणि खो खो हसलीस. मीही हसले. त्यात हसण्यासारखं किती होतं आणि किती नव्हतं, हे तेव्हा मला कळलं नाही.

निवृत्त झाल्यावर बायका देवदर्शनाला जातात, नातवंडं सांभाळतात. तू माती गोळा करायला लागलीस. संस्थेनं नव्या दालनासाठी जुन्या वसतिगृहाच्या दोन खोल्या दिल्या आणि तुझ्या अंगात वारं शिरलं. सगळं हाताळता आलं पाहिजे, काच एकही नको. येलदरीच्या धरणावर जाऊन मासेमारांकडून मरळीचा जबडा आणलास, दातांवरून बोट फिरवून बघायला. पाथरीहून येताना यष्टीत मांडीवर सुगरणीचा खोपा घेऊन बसलीस. कंडक्टर म्हणाला, "बाई, ह्यात पिल्लं असली तर हाफ तिकीट लागतंय." तू तो खोपा उलटा करून त्याला दाखवलास. पुढची वीस मिनिटं तो तिकिटं फाडायची सोडून खोप्यातल्या दोन खोल्या बघत बसला. माझी मान शरमेनं खाली, आणि मागच्या सीटवरची माणसं माना उंचावून.

आणि ते कुसळ. माझ्या अंगणात बसून तू माझ्या तळहातावर गवताचं एक वाळलेलं कुसळ ठेवलंस आणि बोटानं पाण्याचा थेंब सोडलास. ते हललं. मग घड्याळाच्या काट्यासारखं गरागरा फिरायला लागलं. मी किंचाळून उभी राहिले. जन्मभर साडीला चिकटलेली कुसळं उपटून फेकली, आणि हे जमिनीत शिरायला असं फिरतं हे मला साठीनंतर कळावं! "बघ," तू म्हणालीस, "हे असं दालन करायचंय. माणूस किंचाळला पायजे."

पाट्या लिहायचं काम ओघानं माझ्याकडे आलं. महिनाभर बसून मी यादी केली. शब्दकोश काढले, पाठ्यपुस्तकं चाळली. मंगळवारी दुपारी तुझ्याकडे यादी घेऊन आले, मनात म्हटलं, आता ही खूष होणार. तू चष्मा लावलास. पहिल्याच ओळीवर थांबलीस.

"कपोत कोण?"

"होला."

"मग होला लिही की."

"होला बोलायचा शब्द आहे गोदे. हे संग्रहालय आहे."

"आन् ही क्षारयुक्त मृदा? आपल्या जिल्ह्यात कुणाच्या वावरात मृदा हाय, सांग. आमच्यात मातीच हाय." मग तू यादी खाली ठेवलीस. हसत नव्हतीस. "कुमुद, खेड्यातली पोरगी येनार. जन्मल्यापून जे तुडवलंय त्याच्यावर अशी पाटी बघनार. तिला वाटनार, ही दुसरीच कायतरी वस्तू हाय, मला काय ह्यातलं कळत न्हाई. ती उभी ऱ्हाईल तिथं, पर गैरहजर. तुझ्या तासाला पोरी बसायच्या तशी."

माझ्या तासाला. ते मला झोंबलं. 'न्हाई' म्हणणाऱ्या मुलींना मी 'नाही' हा शब्द दहा वेळा लिहायला लावायचे, आणि त्यातल्या काही पुढे बोलायच्याच थांबल्या. मला तो शिस्तीचा विजय वाटायचा. तू ते सगळं बघत होतीस आणि इतकी वर्षं माझ्या तोंडावर बोलली नव्हतीस. मी म्हटलं, "दुसऱ्याचं कुसळ तेवढं बरं दिसतं तुला." तू म्हणालीस, "तुला तर स्वतःचं मुसळबी दिसंना." इथवर आपलं नेहमीचं होतं. इथे चहा यायला हवा होता. पण मी उठले, यादीची घडी केली आणि म्हणाले, "चौतीस वर्षं शहरात काढलीस गोदे, तरी जिभेवरची माती काही गेली नाही."

तू म्हणालीस, "बरं."

तू, जिनं आयुष्यात कुणाला नुसतं 'बरं' म्हणून सोडलं नाही. मी तशीच बाहेर पडले आणि थेट बाबू पेंटरच्या दुकानात जाऊन यादी दिली. जशीच्या तशी.

शनिवारी सकाळी तुझ्या लेकीचा फोन आला. मधल्या दिवसांत मी दोनदा फोन हातात घेतला होता. दोन्ही वेळा वाटलं, तिनं करावा की, मोठी मी आहे. मोठी! सात महिन्यांनी.

तुझा दहावा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबू पेंटरचा निरोप आला, पाट्या तयार आहेत. जायची इच्छा नव्हती. गेले. भिंतीला टेकवून त्यानं सगळ्या ओळीनं लावल्या होत्या. अक्षर सुंदर. पण प्रत्येक पाटीवर मजकूर वरच्या अर्ध्यातच, आणि खाली कोरा, रिकामा पट्टा. चांगला वीतभर. मी भडकले. म्हटलं, बाबू, मापं चुकवलीस सगळी. अर्ध्या पाट्या वाया.

बाबू हातातला ब्रश पुसत म्हणाला, "माप न्हाई चुकलं बाई. गोदाम्याडमनी सांगितलं तसंच हाय."

"कधी सांगितलं?"

"बुधवारी आल्त्या की. तुमी यादी दिली त्याच्या दुसऱ्या दिशी. म्हणल्या, कुमुदबाईंनी लिव्हलंय त्यातलं एक अक्षर बदलू नको. निस्ता खालचा पट्टा मोकळा सोड. म्हणलं, कशाला? तर म्हणल्या, ती सध्या तणतण करायलीय, चार दिसांत येती. मंग आमी दोघी बसून भरतोत."

मी त्याच्या दुकानातल्या रंगाच्या डब्यावर बसले. साडीला हिरवा रंग लागला तो अजून निघालेला नाही. तू माझा एकही शब्द खोडला नव्हतास. मी तुझ्या जिभेला मातीची म्हणून आले आणि तू दुसऱ्या दिवशी उन्हातून जाऊन माझ्या शब्दांखाली जागा राखून ठेवलीस. आणि मी येणारच, हे धरून चालली होतीस. गोदे, इतका भरवसा माझ्यावर मी स्वतःसुद्धा कधी ठेवला नाही.

बाबूनं पाणी दिलं. वर म्हणाला, "रडू नका बाई. रंग ओला हाय." त्याही स्थितीत मला हसू आलं.

मग मी ते पट्टे भरायला घेतले. एकटीच दालनात खुर्ची टाकून बसले. घरटं म्हणजे खोपा, साळिंदर म्हणजे सायाळ, कपोत म्हणजे तो होला. तीन झाले. मातीपाशी आले आणि अडले. पाच ट्रेमध्ये पाच तऱ्हेची माती, आणि मला येतं काय तर काळी, तांबडी. जन्म या जिल्ह्यात गेला, हजारो वह्या तपासल्या, आणि पायाखालच्या मातीचं नाव मला येत नाही. विचारायला फोन घेतला आणि सवयीनं तुझाच नंबर लावला. वाजत राहिला. मग भानावर आले.

दुसऱ्या दिवशी अध्यक्षसाहेब बघायला आले. पाट्या बघून म्हणाले, "बाई, हे अर्धवट दिसतंय. पट्टे रंगवून टाकू. एखादी नक्षी काढू."

मी म्हटलं, "अर्धवटच आहेत साहेब. उरलेलं लोक लिहिणार आहेत."

हे तोंडातून निघेपर्यंत मलाही माहीत नव्हतं. पण निघालं आणि पटलं. साहेब म्हणाले, "लोक? लोक काहीही लिहितील!" मी म्हटलं, "लिहू देत. चौतीस वर्षं तेच तपासलंय, मला सवय आहे." ते अजून काही बोलणार होते. मग मी तुझी पद्धत वापरली. त्यांचा हात धरला, तळहातावर कुसळ ठेवलं आणि पाण्याचा थेंब सोडला. साहेब किंचाळले नाहीत, पण "आयला" म्हणाले. पट्टे वाचले. बाबूनं पट्ट्यांना फळ्याचा काळा रंग दिला, प्रत्येक पाटीला दोरीनं खडू बांधला, आणि वर लहान अक्षरात ओळ घातली: तुमच्याकडे याला काय म्हणतात?

आता रविवारचं ऐक.

भाषणं संपली तेव्हा पहिली दहा मिनिटं कुणी खडूला हात लावेना. माणसं लांबून वाचायची आणि मागे हात बांधून पुढे सरकायची, देवळात फिरल्यासारखी. मला वाटलं, संपलं, पुन्हा काचेचं कपाट झालं हे. मग बियांच्या टेबलाशी एक बाई पुढे झाली. पाटीवर 'गोक्षुर' असं मी लिहिलं होतं, देव मला क्षमा करो. तिनं काटा उचलला, टोचवून बघितला आणि खडूनं लिहिलं: सराटा. शेजारी पाथरीकडचा एक पागोट्याचा माणूस होता, तो म्हणाला, "सराटा कुठला, गोखरू हाय ह्यो." आणि पुसून गोखरू लिहिलं. तिनं ते पुसलं. त्यानं पुन्हा लिहिलं. "तुमच्यात आसंल गोखरू, आमच्या पायात जल्मभर सराटाच मोडला!" माणसं जमली. जिंतूरकडचे तिच्या बाजूनं, पाथरीकडचे त्याच्या. मला मध्ये पडून दोन्ही नावं लिहायला लावावी लागली, आणि कुणाचं वर यावरून पुन्हा जुंपली.

झालं, बांध फुटला. दालनात असा कल्ला झाला गोदे, तीन वर्ग ओलांडून जाईल असा. पोरी खडू हिसकावून घेत होत्या. 'वृश्चिक'च्या पाटीखाली एकीनं लिहिलं इच्चू, दुसरीनं त्याचा केला इचू, तिसरी शहाणी म्हणाली विंचू. माझी बोटं शिवशिवत होती. मी हात पदराखाली दाबून धरले. 'लाल मखमली माइट' या माझ्या पाटीखाली मिरगाचा किडा आला, त्याच्याखाली कुणीतरी, 'लय मऊ असतंय, मारू नका.' आणि वाळूच्या ट्रेखाली, लोहचुंबक फिरवून त्यातले काळे कण उचलायचे तिथे, मी पोचायच्या आधीच एक शब्द लिहिलेला होता: गंगा. अक्षर तुझ्या लेकीचं आहे असा माझा संशय आहे. मी तिला विचारलं नाही.

तुझी वहिनी आली होती राणीसावरगावहून, भावाला घेऊन. भाऊ व्हरांड्यातच बसला, आत यायला त्याचे पाय उचलेनात. वहिनी आत आल्या. हिरवं लुगडं, डोक्यावर पदर, चपला बाहेर. माणसांच्या गर्दीतून हळूहळू फिरत मातीच्या टेबलाशी आल्या. मी त्यांच्याजवळ गेले. दुसऱ्या ट्रेवरची पाटी दाखवून त्यांनी विचारलं, "काय लिव्हलंय जी हितं? मला वाचाया येत न्हाई."

मी वाचलं, "क्षारयुक्त मृदा."

"आसंल," त्या म्हणाल्या आणि पुढे निघाल्या.

मी त्यांचा हात धरला. म्हटलं, "वहिनी, हात लावून बघा ना." त्यांनी भीत भीत चिमूट उचलली. शेजारच्या वाटीतलं पाणी घेतलं, ओली केली, अंगठ्यानं चेचली, बोटं ताणून बघितली. आणि त्यांचा चेहरा बदलला. "आगं बया," त्या म्हणाल्या, "ही तर चोपण हाय!"

चोपणच होती. तूच ती त्यांच्या वरच्या वावरातून खताच्या पिशवीत भरून आणली होतीस. मी खडू हातात घेतला. म्हटलं, "सांगा वहिनी, मी लिहिते."

त्या सांगायला लागल्या, ट्रेमध्ये हात तसाच ठेवून. "लिव्हा. ही चोपण. वल्ली झाली की पायाला सोडत न्हाई, वाळली की कुदळीला ऐकत न्हाई. हिच्यात बी टाकलं तर निम्मंबी उगवत न्हाई. तरीबी टाकतोत." मी लिहीत गेले. पहिल्या 'न्हाई'पाशी खडू थांबला. जन्मभराचा हात, तो काय सहज वळतो? मी श्वास घेतला आणि लिहिलं, न्हाई. मग पुढचं. मग तिसरं. पट्टा पुरेना म्हणून शेवटची ओळ कडेनं उभी लिहिली.

"आता वाचून दावा," त्या म्हणाल्या.

मी वाचून दाखवलं. त्यांनी म्हटलं होतं तसंच, त्यांच्याच उच्चारात. वहिनींनी पाटीकडे बघितलं, मातीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता कळलं. मघा तुमी वाचलं तवा मला वाटलं, दुसऱ्याच्या गावची माती हाय."

गोदे, तू नेमकं हेच सांगत होतीस मला. मंगळवारी दुपारी, चष्मा लावून, न हसता. मी भरल्या दालनात, हातात खडू तसाच धरून, मोठ्यानं म्हणाले, "चुकलं गं माझं."

वहिनींना वाटलं मी लिहिण्याबद्दल बोलतेय. त्यांनी माझ्या हातातला खडू काढून घेतला आणि ओल्या मातीचा हात माझ्या हातावर ठेवला.

"काय न्हाई चुकलं," म्हणाल्या. "ऱ्हाऊ द्या तसंच. पुसू नका."